चालून आल्यावर जास्तीचे खावे का?

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. मी फोंड्यातील एका शाळेत शिकवते. वय ४२, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७४ किलो. आम्ही चार मैत्रिणी आठवड्यातून पाच-सहा दिवस पहाटे फर्मागुडीची चढण चढून गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत झपाझप चालत जातो. जाऊन-येऊन पन्नास मिनिटे होतात. वजन कमी करण्यासाठी मोबाईलमधील ॲपने मला दिवसाला १,३५० कॅलरी ठरवून दिल्या आहेत. मनगटावरचे घड्याळ चालण्याचा खर्च ३८० कॅलरी दाखवते आणि ॲप तेवढ्या कॅलरी माझ्या खात्यात वाढवून देते, म्हणजे चालण्याच्या दिवशी १,७३० खाण्याची मुभा मिळते. त्या मुभेवर आम्ही परतताना हॉटेलात भाजी-पाव खातो. सुरुवातीला दोन किलो उतरले, पण नंतर तीन महिने काटा जागचा हललेला नाही. एक मैत्रीण म्हणते, खर्च झालेले भरून काढले नाही तर शरीर उपासमार समजून वजन धरून ठेवते. दुसरी म्हणते, व्यायामाचे खाल्ले तर व्यायाम फुकट गेला. कोणाचे खरे मानावे?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आपण वय, उंची, वजन आणि चालण्याची वेळ असे सगळे कळवले, हे फार बरे झाले. घड्याळ दाखवते त्या ३८० कॅलरी आपण वेगळ्या खाऊ नयेत. मात्र त्याचे कारण आपल्या दुसऱ्या मैत्रिणीने सांगितले ते नाही. आपला व्यायाम फुकट जात नाही, तो आपल्या हिशेबात दोनदा धरला जात आहे.

हे कसे होते ते पाहू. अशा ॲपमध्ये बहुधा १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर यांचे सूत्र वापरतात. त्यानुसार आपले शरीर दिवसभर नुसते पडून राहिले तरी श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब यांसाठी सुमारे १,३५० कॅलरी खर्च करते. ॲपने ठरवलेला आकडाही एवढाच आहे, पण तो केवळ योगायोग. दिवसभर बैठे काम असेल तर या खर्चाला १.२ ने गुणतात, म्हणजे आपल्यासाठी १,६२० होतात. आठवड्यातून काही दिवस हलका व्यायाम करणाऱ्यासाठी १.३७५ ने गुणतात, ते होतात सुमारे १,८५५. यातून ५०० वजा केले की १,३५५ उरतात. याचा अर्थ, ॲपमध्ये माहिती भरताना आपण ‘हलका व्यायाम करते’ हा पर्याय निवडला असणार आणि फर्मागुडीची चढण त्या आकड्यात आधीच बसलेली आहे. बैठ्या दिवसाचे १,६२० आणि व्यायामासह १,८५५ यांमधील २३५ कॅलरींचा फरक म्हणजेच मुख्यतः आपले चालणे. पासबुकात एकच जमा दोनदा लिहिली गेली तर शिल्लक दिसते तेवढी खरी नसते, तसेच येथे झाले आहे.

आता घड्याळाच्या आकड्याविषयी. आपल्या वजनाच्या व्यक्तीने चढणीवर पन्नास मिनिटे झपाझप चालावे, तर एकूण खर्च साधारण २८० कॅलरींच्या आसपास जातो. त्यातही जवळजवळ ५० ते ६० कॅलरी अशा आहेत की त्या वेळात आपण घरी खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. तेव्हा चालण्यामुळे म्हणून जो वाढीव खर्च झाला तो सव्वादोनशेच्या जवळपास, तीनशेऐंशी नव्हे. घड्याळ खराब आहे असे मी म्हणत नाही. मनगटावरून नाडीचे ठोके मोजण्यात ही उपकरणे बऱ्यापैकी पक्की असतात, पण ठोक्यांवरून कॅलरीचा अंदाज बांधताना त्यांची गफलत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली ६० जणांच्या मनगटांवर सात निरनिराळी उपकरणे बांधून तपासणी केली, तेव्हा कॅलरीच्या बाबतीत सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत चुकणारे ९३ टक्क्यांनी. चढणीवर, दमट हवेत, घामाघूम झालेल्या माणसाची नाडी नुसत्या उकाड्यानेही वाढते आणि त्याला घड्याळ मेहनत समजते. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत हे सहज घडते.

तिसरी गोष्ट म्हणजे ती भाजी-पावाची बशी. दोन पावांच्या अडीचशेच्या आसपास कॅलरी होतात. पातळ भाजीत कडधान्य असते ही चांगली बाब, पण वाटपातले खोबरे आणि वरची फोडणी धरून वाटीभर भाजी दीडशेच्या खाली येत नाही. तिच्यासोबत दोन चमचे साखरेचा चहा आला की सत्तर-ऐंशी वाढतात. म्हणजे मिरची-भजी न घेताही बशी पावणेपाचशेवर गेली आणि एखादी भजी घेतली तर ती तेलासह आणखी शंभर तरी वाढवते. तेलाचा हिशेब नेहमी चुकतो, कारण ते दिसत नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी मिळतात, म्हणून पोहे खाण्याचा छोटा चमचाभर तेलसुद्धा पंचेचाळीसच्या घरात जाते. ओल्या खोबऱ्याचेही तसेच. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी होतात आणि आपल्या हुमणात म्हणजे माशांच्या आमटीत, सुक्यात, भाजीवर ते मूठ-मूठ पडते. हे पदार्थ सोडा असे मी कधीच सांगणार नाही, परंतु ॲपमध्ये ‘भाजी-पाव’ शोधून जो पहिला आकडा दिसेल तो नोंदवणाऱ्याला ही मूठ कळत नाही.

आता सगळे एकत्र मांडा. आपला खरा खर्च १,८५० च्या आसपास, ॲपने मुभा दिलेले १,७३० आणि नाश्त्यात नकळत जास्त गेलेले शंभर-सव्वाशे. जमा आणि खर्च सारखे झाले, मग काटा कशाने हलेल? आपले शरीर बिघडलेले नाही, थायरॉइडवर संशय घेण्याचीही एवढ्यात गरज नाही. पूर्वी तपासणी कधी झालीच नसेल तर एकदा करून घ्यावी, इतकेच.

आपल्या पहिल्या मैत्रिणीच्या भीतीला मात्र नुसते हसून चालणार नाही, कारण ती फार जणींच्या मनात असते आणि तिच्यात थोडे तथ्यही आहे. खाणे कमी केले की शरीर खर्च थोडा आवरते. वजन उतरले की हलवायचा भारही कमी होतो. शिवाय आपण नकळत कमी हालचाल करू लागतो, म्हणजे सकाळी चालून आलेली व्यक्ती दुपारी जिना टाळते. पण या आवरण्यामुळे वजन उतरणे थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवले होते आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे त्यांना सक्तीचे होते. त्यांच्या शरीराचा विश्रांतीचा खर्च खूप घटला, ते खंगले, चिडचिडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, तरीही वजन उतरतच राहिले आणि सरासरी एक-चतुर्थांश वजन गेले. या प्रयोगातून मी दोन्ही गोष्टी घेते. एक, कमी खाल्ल्याने वजन अडून बसते हा समज खरा नाही. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची, अशी की फार कमी खाण्याची किंमत शरीर आणि मन दोघांनाही मोजावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा. ॲपमधील घड्याळाची जोडणी बंद करावी. रोजचा आकडा एकच ठेवावा आणि तो १,३५० ऐवजी १,४५० करावा, कारण आपल्या उंचीच्या, नोकरी करून घर सांभाळणाऱ्या आणि रोज चढण चढणाऱ्या स्त्रीला १,३५० चे बंधन फार दिवस पेलत नाही आणि ते न पेलल्यामुळेच रविवारी सगळे सुटते. चाललात तरी १,४५०, एखाद्या दिवशी चुकले तरी १,४५०. म्हणजे रोज सरासरी चारशेची तूट राहील. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात असे धरले तर महिन्याला दीड किलोच्या आसपास वजन उतरावे. प्रत्यक्षात वजन घटत जाईल तसा हा वेग मंदावतो, हेही आधीच माहीत असलेले बरे.

चालून आल्यावर भूक लागली तर अवश्य खावे. उपाशी राहू नये, फक्त ते खाणे दिवसाच्या १,४५० मधलेच असावे. अळसांद्यांची (मोठ्या चवळीची) किंवा मुगाची वाटीभर उसळ, एक पोयी (कोंड्याचा पाव) आणि एक उकडलेले अंडे एवढ्या नाश्त्यात साडेतीनशे कॅलरींत पंधरा-वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते जाऊ नयेत यासाठी दिवसभरात सत्तर ते ऐंशी ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे मी आपल्या वजनासाठी सुचवीन. मासे खात असाल तर हे गोव्यात अवघड नाही. दुपारी बांगड्याचे दोन मोठे तुकडे घ्यावेत, पण ते रवा लावून तेलात सोडलेले नसावेत, तर तव्यावर चमचाभर तेलात भाजलेले किंवा हुमणातले असावेत. शिताचा ढीग थोडा कमी करून ताटातली भाजी वाढवावी. श्रावणात मासे बंद असतील तर कुळीथ, अळसांदे, दही आणि पनीर यांच्यावर भर द्यावा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायामही करावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्याबरोबर तेही सांगितले आहेत आणि आपल्याकडच्या स्त्रिया नेमके तेच वगळतात, याचे मला वाईट वाटते.

मैत्रिणींबरोबरचे ते हॉटेलातले बसणे मात्र मोडू नका. पहाटे उठून बाहेर पडण्यात निम्मा वाटा त्या सोबतीचा असतो. इतर दिवशी कमी साखरेचा चहा घ्यावा आणि आठवड्यातून एकदा भाजी-पाव खावा, मात्र त्या दिवशी तोच आपला नाश्ता असे समजून घरी पुन्हा काही घेऊ नये.

काटा पाहण्याचीही एक पद्धत ठेवावी. चालून आल्याबरोबर वजन करू नये, कारण घामाने गेलेले अर्धा-पाऊण किलो हे पाणी असते. सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आठवड्यातून तीन वेळा वजन करून त्याची सरासरी लिहावी. मासिक पाळीच्या आधी अंगात पाणी साठून किलोभर वजन सहज वाढते, म्हणून या महिन्यातील आठवड्याची तुलना मागील महिन्यातील त्याच आठवड्याशी करावी. चार आठवड्यांत सरासरी अजिबात उतरली नाही तर रोजच्या आकड्यातून शंभर कमी करावेत. उलट आठवड्याला पाऊण किलोहून अधिक उतरू लागले, चढणीवर पाय भरून येऊ लागले, झोप बिघडली, पाळी पुढे-मागे होऊ लागली, तर दीडशे-दोनशे वाढवावेत. हे वाढवलेले अन्न म्हणजेच खऱ्या अर्थाने व्यायामाचे भरून काढणे, आणि ते घड्याळाने नव्हे तर आपल्या शरीराने मागितलेले असेल.

एक शेवटची सूचना पावसाविषयी. जूनमध्ये आपल्याकडे झड लागली की फर्मागुडीची चढण आठवडेच्या आठवडे बंद पडते. १,४५० हा आकडा चालणे धरून काढलेला आहे. महिनाभर चालणे थांबणार असेल तर घरातल्या जिन्याची चढ-उतार, दोरीवरच्या उड्या किंवा सभागृहातील बॅडमिंटन यांपैकी काहीतरी धरावे. ते जमणारच नसेल तर आकडा शंभरने उतरवावा, त्याहून खाली नको.

प्रश्न : माझे वय २९, वजन ७८ किलो. म्हापशाला राहतो. मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेची तयारी करत आहे आणि त्याआधी सहा किलो कमी करायचे आहेत. रोज तास-सव्वातास पोहणे किंवा धावणे होते, रविवारी ८० किलोमीटर सायकल चालवतो. आहार १,५०० कॅलरी ठेवला आहे. अलीकडे पाय जड होतात, रात्री झोप लागत नाही आणि धावण्याचा वेगही घटला आहे. व्यायामाचे खाल्ले की वजन उतरत नाही असे वाचले होते, म्हणून काही वाढवत नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्यासाठी उत्तर वरच्या उत्तराच्या अगदी उलट आहे. आपण खाल्लेच पाहिजे, आणि आजपासूनच.

१.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशा स्पर्धेची तयारी आणि पन्नास मिनिटांचे चालणे यांना एक नियम लावता येत नाही. रविवारच्या ८० किलोमीटरमध्ये आपला वाढीव खर्च १,६०० ते १,८०० कॅलरी होत असावा. आपण दिवसभरात खाता १,५००. म्हणजे सायकलनेच सगळे नेले. मेंदू, हृदय, यकृत, हाडांची झीज भरणे आणि संप्रेरके तयार करणे यांच्या वाट्याला त्या दिवशी काहीच उरले नाही. क्रीडावैद्यकात यासाठी एक माप आहे. खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाचा खर्च वजा करून उरलेल्या आकड्याला शरीरातील चरबी सोडून उरणाऱ्या वजनाने भागतात. हे उत्तर किलोमागे ४५ च्या आसपास असेल तर ठीक, ३० च्या खाली दीर्घकाळ राहिले तर धोका. आपले चरबीविरहित वजन साठ किलोच्या आसपास धरले, तर सहाशे कॅलरी खर्चाच्या साध्या दिवशीही हा आकडा १५ येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ऊर्जेच्या अशा तुटवड्याच्या अवस्थेवर पहिले निवेदन काढले. तिची लक्षणे आपल्या पत्रात आहेतच. ती पुरुषांनाही होते, हे मुद्दाम सांगते. असेच चालू राहिले तर पुढची पायरी बहुधा पायाच्या हाडाला पडणारी बारीक चीर असते आणि मग स्पर्धा हुकते.

रोजचा आहार २,४०० च्या वर न्यावा, हे भात, पोयी, रताळी, केळी यांतून वाढवावे आणि व्यायामाच्या आधी-नंतरच्या तासांत घ्यावे. रविवारी घड्याळाने दाखवलेल्या खर्चापैकी निम्मे ते दोन-तृतीयांश त्याच दिवशी भरून काढावे. सायकलवर पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्यावा. नुसत्या शहाळ्याच्या पाण्यावर विसंबू नये. ते छान आहे, पण शंभर मिलिलिटरला जेमतेम वीस कॅलरी देते आणि घामातून जाणाऱ्या मिठाच्या मानाने त्यात सोडियम कमी असते, म्हणून बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर असावी.

सहा किलोंचा विचार स्पर्धा झाल्यावर करावा. तयारीच्या ऐन महिन्यांत वेग आणि वजनघट एकत्र साधत नाही. फार तर तयारीच्या सुरुवातीच्या, हलक्या आठवड्यांत रोज तीनशेची तूट ठेवता येते. दोन आठवडे पुरेसे खाऊनही झोप आणि वेग परत आला नाही, तर क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वय ५८, डिचोली. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. वजन कमी करण्यासाठी पहाटे उपाशीपोटी तासभर चालतो. हल्ली परतताना हात थरथरतात, घाम फुटतो, मग घरी येऊन बिस्किटे आणि गोड चहा घेतो. त्यामुळे वजन उतरत नाही. हे खाणे बंद करावे का?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : बंद करू नये. आपण जे वर्णन केले आहे ती रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे आहेत आणि तेव्हा वजनाचा विचार बाजूला ठेवून साखर घ्यावीच लागते. घरी पोहोचेपर्यंत थांबणेही चूक आहे. खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर ठेवावी, थरथर सुरू होताच तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम पाण्यातून घ्यावी, बसावे, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर तेवढीच पुन्हा घ्यावी. यंत्र असेल तर साखर मोजावी, ७० च्या खाली असेल तर निदान पक्के झाले. बिस्किटांतील मैदा आणि तेल यांमुळे साखर सावकाश चढते, म्हणून त्या क्षणी ती उपयोगाची नाहीत.

परंतु हे रोज घडू लागले तर ते खाण्याने निभावण्याची गोष्ट राहत नाही. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा इतकी खाली आणत नाही, ग्लिमेपिराइड आणते. व्यायामाने शरीर इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देऊ लागले, थोडे वजन उतरले, की पूर्वीची मात्रा जास्त होते. गोळीच्या मात्रेमुळे जास्तीचे खावे लागत असेल तर आधी मात्रा बदलली पाहिजे, आणि तो निर्णय आपल्या डॉक्टरांचा आहे. स्वतःहून गोळी बंद करू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. आपल्यासारखे पहाटे चालणारे मधुमेही येथे गावोगाव आहेत आणि त्यांपैकी पुष्कळजण हा त्रास अशक्तपणा समजून अंगावर काढतात.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत चालणे नाश्त्यानंतर तासाभराने करावे किंवा निघण्याआधी अर्धे केळे अथवा वाटीभर पेज घ्यावी आणि तेवढे नाश्त्यातून कमी करावे. एकट्याने लांब जाऊ नये. चालण्याआधी आणि नंतर मोजलेली साखर, वेळेसह, आठवडाभर वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे मात्रा किती कमी करायची हे त्यांना ठरवता येईल.